१ एप्रिल : ओडिशाच्या इतिहासातील महत्त्वाच्या नोंदी

भुवनेश्वर, १ एप्रिल : ओडिशात दरवर्षी १ एप्रिल हा दिवस 'उत्कल दिवस' म्हणून साजरा होतो. १९३६ साली याच दिवशी ओरिसा हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला. भाषेच्या पायावर उभा राहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला प्रांत म्हणून इतिहासकार त्याचा उल्लेख करतात. राज्याच्या दिनदर्शिकेत या तारखेसमोर इतरही नोंदी आहेत. १९३७ मध्ये प्रांताचे पहिले मंत्रिमंडळ याच दिवशी सत्तेवर आले. १९९३ मध्ये जुन्या जिल्ह्यांचे विभाजन करून अनेक नवे जिल्हे याच दिवशी निर्माण करण्यात आले. २००३ मध्ये भुवनेश्वर येथे मुख्यालय असलेला पूर्व तटीय रेल्वे विभाग पूर्णपणे कार्यान्वित झाला, तोही १ एप्रिललाच. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस असल्याने शासकीय निर्णयांसाठी ही तारीख सोयीची असते, हे खरेच. तरीही या चारही घटनांच्या मुळाशी एकच तक्रार दिसते. ओडिया माणसाचा कारभार दीर्घकाळ दुसऱ्यांच्या राजधान्यांतून चालत होता, ही ती तक्रार होय.

या तक्रारीच्या आरंभकाळाशी मराठी इतिहासाचाही संबंध आहे. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानंतर ओडिशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता प्रस्थापित झाली आणि ती १८०३ पर्यंत टिकली. शिवभट साठे, भवानी पंडित, राजाराम पंडित आदी सुभेदारांनी कटकेहून कारभार पाहिला. जगन्नाथपुरीच्या सिंहद्वारासमोर आज उभा असलेला अरुणस्तंभ कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढून मराठ्यांच्या काळातच तेथे आणण्यात आला. यात्रेकरूंच्या सोयी आणि देवस्थानाची व्यवस्था यांबाबत या राजवटीची स्मृती चांगली आहे. महसुलाची सक्ती आणि घोडदळाच्या स्वाऱ्या यांची स्मृती मात्र तशी नाही. ऑक्टोबर १८०३ मध्ये कंपनीच्या फौजांनी कटकचा बाराबाटी किल्ला घेतला. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांतावरील हक्क सोडला.

इंग्रजांनी ओडिया मुलूख एकाच वेळी जिंकला नाही आणि जिंकल्यानंतर तो एकत्रही ठेवला नाही. गंजामचा दक्षिण भाग अठराव्या शतकातच मद्रासकडे गेला होता. कटक, पुरी आणि बालेश्वर हे किनारी जिल्हे कोलकात्याच्या आधिपत्याखाली आले. पश्चिमेचे संबलपूर अनेक हस्तांतरणांनंतर १८६२ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या अखत्यारीत गेले. तिन्ही ठिकाणी न्यायालय, शाळा आणि महसूल कचेरीची भाषा वरिष्ठांच्या सोयीने ठरू लागली. गंजामच्या ओडियांना तेलुगू अधिकाऱ्यांसमोर, किनाऱ्यावरील ओडियांना बंगाली कारकुनांसमोर आणि संबलपूरच्या ओडियांना हिंदी भाषक अंमलदारांसमोर उभे राहावे लागे.

दूर असलेल्या राजधानीची किंमत किती असते, हे १८६६ साली दिसून आले. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि बाजारातील तांदूळ नाहीसा होत होता. कटकचे आयुक्त टी. ई. रेव्हनशॉ यांनीही आरंभी साठ्याचा अंदाज चुकीचाच बांधला. परिस्थिती लक्षात आल्यावर त्यांनी बाहेरून तांदूळ आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा कोलकात्याच्या महसूल मंडळाने ती नाकारली. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हा त्या काळचा सिद्धान्त होता. बंगालचे नायब राज्यपाल सेसिल बीडन फेब्रुवारीत ओडिशाचा दौरा करून गेले, पण धोरण बदलले नाही. अखेर तांदळाची जहाजे निघाली ती पावसाळ्याच्या तोंडावर. त्या दिवसांत किनाऱ्यावरील बंदरांत माल उतरविणे जवळपास अशक्य असे आणि अंतर्भागात पोहोचविण्यासाठी धड रस्तेही नव्हते. सुमारे दहा लाख माणसे, म्हणजे बाधित प्रदेशातील अंदाजे एकतृतीयांश लोकसंख्या या दुष्काळात मृत्यू पावली. जगन्नाथाचे परंपरागत सेवक असलेल्या पुरीच्या गजपती राजांच्या राज्यवर्षगणनेवरून, म्हणजे 'अंका'वरून ओडिशात वर्षे मोजली जात. तो दिव्यसिंह देवांचा नववा अंक होता, म्हणून हा दुष्काळ आजही 'नअंक दुर्भिक्ष' या नावाने ओळखला जातो. जॉर्ज कॅम्पबेल यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने प्रशासनावर कठोर ठपका ठेवला.

याच वर्षी ऑगस्टमध्ये गौरीशंकर राय यांनी कटक येथे 'उत्कल दीपिका' हे वृत्तपत्र सुरू केले. बालेश्वरला फकीरमोहन सेनापती यांनी मुद्रणालय काढले. उपासमारीतून सावरणाऱ्या समाजापुढे आता भाषेचा प्रश्न उभा राहिला. ओडिया ही स्वतंत्र भाषा नसून बंगालीचीच एक बोली आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका बालेश्वरच्या शाळेतील शिक्षक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केली. शाळांतून ओडिया काढून बंगाली ठेवावी, हा त्या प्रतिपादनाचा व्यावहारिक अर्थ होता. पाठ्यपुस्तके, शिक्षकांच्या नेमणुका आणि कचेरीतील नोकऱ्या हे सारे त्यावर अवलंबून होते. बालेश्वरचे जिल्हाधिकारी जॉन बीम्स यांनी भाषाशास्त्राच्या आधारे या मताचे खंडन केले. हिंदी, पंजाबी, सिंधी, गुजराती, मराठी, ओडिया आणि बंगाली या सात भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे हेच ते बीम्स. रेव्हनशॉ यांनीही शाळांतील ओडिया शिक्षणाला पाठबळ दिले.

संबलपूरमध्ये संघर्ष अधिक उघड झाला. मध्य प्रांत सरकारने १८९५ मध्ये आदेश काढून पुढील वर्षापासून तेथील न्यायालये आणि कचेऱ्यांत ओडियाच्या जागी हिंदी लागू केली. बामंडा संस्थानातील देवगड येथून निघणाऱ्या 'संबलपूर हितैषिणी' साप्ताहिकाने या निर्णयाविरुद्ध आवाज उठविला. मधुसूदन दास यांच्यासारखे कटकचे नेते मदतीला आले आणि संबलपूरच्या प्रतिनिधींनी थेट सिमल्यापर्यंत धाव घेतली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त अँड्र्यू फ्रेझर यांनाही हे म्हणणे पटले. कागदपत्रे ओडिया माणसाला कळणार नसतील, तर संबलपूर नागपूरकडे ठेवण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे मत त्यांनी सरकारला कळविले. काही वर्षांतच ओडिया पुन्हा लागू झाली. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी संबलपूर ओडिशा विभागाला जोडण्यात आले. महाराष्ट्राला ही तारीख ठाऊक आहे ती वंगभंगाची म्हणून. ज्या दिवशी बंगालमध्ये सुतकाचे वातावरण होते, त्याच दिवशी ओडिशाची पहिली मागणी अंशतः मान्य झाली, ही गोष्ट राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

दरम्यान डिसेंबर १९०३ च्या अखेरीस कटक येथे उत्कल संमिलनीचे पहिले अधिवेशन मयूरभंजचे महाराज श्रीरामचंद्र भंजदेव यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. संमिलनीमागील प्रमुख प्रेरणा होती मधुसूदन दास यांची. ओडियांमधील पहिले पदवीधर, नामांकित वकील, चर्मोद्योग आणि चांदीच्या तारकामाचे कारखाने काढणारे उद्योजक, तसेच पुढे बिहार-ओरिसा प्रांताचे मंत्री अशी त्यांची कारकीर्द होती. मंत्रिपद मानसेवी असावे, या आग्रहापायी त्यांनी ते सोडून दिले. 'मधुबाबू' या नावाने त्यांना आजही ओळखले जाते. विखुरलेल्या ओडिया प्रदेशांचे एकत्रीकरण ही संमिलनीची मुख्य मागणी होती आणि पुढील तीन दशके ती प्रत्येक अधिवेशनात मांडली गेली.

मध्यंतरी १९१२ मध्ये बंगालपासून बिहार आणि ओरिसा वेगळे झाले. राजधानी कोलकात्याहून पाटण्याला गेली, एवढाच ओडियांच्या दृष्टीने त्याचा अर्थ. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्यांचे तत्त्व मान्य केले, तेव्हा उत्कल प्रांतिक काँग्रेस समितीची वाट मोकळी झाली आणि तिचे नेतृत्व गोपबंधू दास यांच्याकडे आले. सरकारी पातळीवर १९२४ मध्ये फिलिप आणि डफ या दोन अधिकाऱ्यांनी गंजाममध्ये फिरून लोकमत तपासले. सायमन आयोगाच्या वेळी या प्रश्नासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष होते क्लेमंट ॲटली, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत पारलाखेमुंडीचे महाराज कृष्णचंद्र गजपती यांनी स्वतंत्र प्रांताची बाजू मांडली. त्यानंतर सॅम्युएल ओडोनेल यांच्या अध्यक्षतेखाली सीमानिश्चिती समिती नेमण्यात आली.

या समितीच्या अहवालानंतर निघालेल्या १९३३ च्या श्वेतपत्रिकेत गजपतींचे स्वतःचे पारलाखेमुंडीच ओडिशाबाहेर राहिले होते. पुन्हा लंडनचे दरवाजे ठोठावणे भाग पडले. संयुक्त संसदीय समितीने अखेर पारलाखेमुंडीचा काही भाग आणि जयपूर जमीनदारी नव्या प्रांतात समाविष्ट करण्याची शिफारस केली. महाराजांच्या जमीनदारीचा मोठा हिस्सा मात्र मद्रासमध्येच राहिला. आपल्याच जहागिरीची फाळणी स्वीकारून त्यांनी प्रांत पदरात पाडून घेतला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

१ एप्रिल १९३६ रोजी कटकच्या रेव्हनशॉ महाविद्यालयाच्या सभागृहात शपथविधी झाला. दुष्काळाच्या वर्षी आयुक्त असलेल्या अधिकाऱ्याचेच नाव या महाविद्यालयाला दिलेले होते. प्रांताला स्वतःचे उच्च न्यायालय नसल्याने पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सर कोर्टनी टेरेल हे शपथ देण्यासाठी आले आणि सर जॉन ऑस्टिन हबक यांनी पहिले राज्यपाल म्हणून सूत्रे स्वीकारली. कटक, पुरी, बालेश्वर, संबलपूर, गंजाम आणि कोरापुट हे सहा जिल्हे नव्या प्रांतात होते. त्यांपैकी कोरापुट हा जिल्हा त्याच दिवशी जन्माला आला. प्रांताची लोकसंख्या सुमारे ८० लाख होती. मधुसूदन दास हा सोहळा पाहू शकले नाहीत. ४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले होते. गोपबंधू दास तर १९२८ मध्येच गेले होते.

त्याच दिवशी सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन स्वतंत्र प्रांत बनला. सिंधच्या विभक्तीमागे प्रामुख्याने धार्मिक बहुसंख्येचे राजकारण होते, तर ओडिशाच्या निर्मितीमागे भाषा होती. दोन्ही प्रांत आपल्या उत्पन्नावर उभे राहू शकत नव्हते आणि केंद्राच्या अनुदानावर अवलंबून होते. एवढ्या गरीब प्रदेशाला वेगळा प्रांत कशाला, हा आक्षेप ओडिशाबाबत शेवटपर्यंत घेतला जात होता. भाषावार प्रांतरचनेविरुद्ध पुढे आंध्र आणि महाराष्ट्राच्या वेळी जे मुद्दे मांडले गेले, त्यांतील पुष्कळसे येथे आधीच मांडून झाले होते. महाराष्ट्राला १ मे १९६० ची वाट पाहावी लागली, म्हणजे ओडिशानंतर २४ वर्षे आणि एक महिना.

नव्या प्रांताचा पहिला वाढदिवस मात्र विचित्र परिस्थितीत उजाडला. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक स्वायत्तता १ एप्रिल १९३७ पासून लागू झाली. निवडणुकीत काँग्रेसने ६० सदस्यांच्या विधानसभेत ३६ जागा जिंकल्या होत्या. राज्यपाल आपल्या विशेषाधिकारांचा वापर करणार नाहीत, अशी हमी मिळाल्याखेरीज मंत्रिपदे न स्वीकारण्याचा निर्णय पक्षाने देशभर घेतला होता. १ एप्रिलला काँग्रेसने नव्या राज्यघटनेच्या निषेधार्थ हरताळ पुकारला आणि त्याच दिवशी कटकमध्ये महाराज कृष्णचंद्र गजपती यांनी अल्पमतातील मंत्रिमंडळाचे प्रमुख म्हणून पद स्वीकारले. त्या वेळी या पदाला प्रधानमंत्री म्हणत. मुंबई प्रांतातही नेमके हेच घडले होते. तेथे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ याच दिवशी सत्तेवर आले. दोन्ही मंत्रिमंडळे जुलैपर्यंतच टिकली. १९ जुलै १९३७ रोजी विश्वनाथ दास यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ ओडिशात सत्तारूढ झाले. विश्वनाथ दास हे गंजामचे होते आणि त्यापूर्वी मद्रास विधिमंडळात गंजामचा आवाज मांडत आले होते. विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती, त्यामुळे जुलैमधील पहिले अधिवेशनही रेव्हनशॉ महाविद्यालयातच भरले.

प्रांत मिळाला, पण त्याच्या संस्था एकेक करून यायच्या होत्या. उत्कल विद्यापीठ १९४३ मध्ये स्थापन झाले. ओडिशा उच्च न्यायालय कटक येथे सुरू झाले ते २६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे प्रांतनिर्मितीनंतर तब्बल १२ वर्षांनी. तोवर पक्षकारांना पाटण्याची वारी चुकली नाही. १३ एप्रिल १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी नवी राजधानी भुवनेश्वरची पायाभरणी केली. बहुतेक ओडिया संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी आणि मयूरभंज त्यानंतर बरोबर एका वर्षाने प्रांतात विलीन झाले. त्यामुळे सहा जिल्ह्यांच्या ओडिशाचे १३ जिल्हे झाले.

पुढे राज्याच्या आतच अंतराचा प्रश्न निर्माण झाला. जुना कटक जिल्हा एवढा विस्तीर्ण होता की टोकाच्या गावांतील माणसाचा जिल्हा कचेरीतील एका कामासाठी दिवस मोडत असे. बिजू पटनायक मुख्यमंत्री असताना टप्प्याटप्प्याने पुनर्रचना झाली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी काही जिल्हे झाले. १ एप्रिल १९९३ रोजी कटकमधून जाजपूर, केंद्रापाडा आणि जगतसिंहपूर, पुरीतून खोर्धा, बालेश्वरमधून भद्रक, संबलपूरमधून बरगड आणि ढेंकानालमधून अंगुल असे नवे जिल्हे अस्तित्वात आले. राजधानी भुवनेश्वर त्या दिवसापासून पुरीऐवजी खोर्धा जिल्ह्यात मोडू लागली. पुनर्रचना पूर्ण झाली तेव्हा जिल्ह्यांची संख्या ३० झाली होती आणि आजही ती तेवढीच आहे.

रेल्वेच्या बाबतीत कोलकात्याशी असलेले नाते आणखी दहा वर्षे टिकले. ओडिशातील बहुतांश मार्ग दक्षिण पूर्व रेल्वेकडे होते आणि तिचे मुख्यालय कोलकात्यातील गार्डन रीच येथे आहे. खनिजांच्या वाहतुकीतून मोठे उत्पन्न देणाऱ्या राज्याला नवे मार्ग आणि गाड्या मात्र पुरेशा मिळत नाहीत, ही तक्रार ओडिशातील सर्वच पक्ष करीत. पूर्व तटीय रेल्वेची घोषणा १९९६ मध्ये झाली. खुर्दा रोड, संबलपूर आणि वॉल्टेअर ही मंडळे घेऊन ती १ एप्रिल २००३ पासून पूर्ण स्वरूपात कामाला लागली. त्यांपैकी वॉल्टेअर मंडळाचे मुख्यालय विशाखापट्टणमला होते. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशासाठी दक्षिण तटीय रेल्वेची घोषणा झाली, तेव्हा वॉल्टेअरच्या विभाजनाचा आणि ओडिशातील रायगडा येथे नवे मंडळ करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी मार्गांच्या वाटपावरून जी चर्चा रंगली, ती वाचताना १९३० च्या दशकातील गंजामच्या वाटणीची आठवण होणे साहजिक होते.

सीमेचा प्रश्नही पुरता मिटलेला नाही. कोरापुट जिल्ह्यातील कोटिया ग्रामसमूहाच्या २१ गावांवर ओडिशा आणि आंध्र प्रदेश दोघेही हक्क सांगतात. हा वाद १९६८ पासून सर्वोच्च न्यायालयाशी निगडित आहे. दोन्ही राज्यांच्या योजना, शाळा आणि मतदान केंद्रे तेथे पोहोचतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाशी परिचित वाचकाला या गावांची स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

भाषेच्या बाबतीत ओडिशाने नंतरही काही टप्पे गाठले. २०११ मध्ये राज्याचे अधिकृत नाव 'ओरिसा'ऐवजी 'ओडिशा' झाले आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेचे नावही 'ओडिया' असे दुरुस्त करण्यात आले. २०१४ मध्ये ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीला तो २०२४ मध्ये मिळाला. १९१२ च्या उत्कल संमिलनीत गायिलेले, लक्ष्मीकांत महापात्र यांचे 'बंदे उत्कल जननी' हे गीत २०२० मध्ये राज्यगीत म्हणून मान्य झाले. उत्कल दिवसाच्या कार्यक्रमांत ते गायिले जाते.

१९३६ च्या नकाशाबाहेर राहिलेल्या ओडियांसाठी हा दिवस थोडा वेगळा असतो. सिंहभूम तेव्हा बिहारमध्येच राहिले होते. सरायकेला आणि खरसावां ही संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी ओडिशात विलीन झाली. त्याच दिवशी या विलीनीकरणाला विरोध करण्यासाठी खरसावांच्या बाजारात जमलेल्या आदिवासींवर ओडिशाच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेकांचा बळी गेला. भाषेच्या नावाने मागितलेल्या प्रदेशात ती भाषा न बोलणारेही राहतात, हे तेव्हा कटकच्या राज्यकर्त्यांनी लक्षात घेतले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही संस्थाने बिहारकडे देण्यात आली आणि २००० मध्ये हा प्रदेश झारखंडमध्ये गेला. झारखंडने २०११ मध्ये ओडियाला इतर काही भाषांबरोबर दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. सरायकेला आणि जमशेदपूर येथील ओडिया संस्था १ एप्रिलला मधुबाबूंच्या प्रतिमेला हार घालून उत्कल दिवस साजरा करतात.